समुद्रापलीकडचा रुपया : आखाती रुपया, हज नोटा आणि भारतीय प्रवाशाचे चलन (१९३९ ते १९७०)

प्रस्तावना

परदेशी जाणाऱ्या माणसापुढे पारपत्र आणि तिकीट यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न पैशाचा असतो. आपले चलन परक्या भूमीवर चालेल काय, चालत नसेल तर ते कोठे व कोणत्या दराने बदलून मिळेल, आणि मुळात किती रक्कम बरोबर नेण्याची मुभा आहे, हे तीन प्रश्न प्रत्येक काळातील प्रवाशाला सोडवावे लागले आहेत. चलनाच्या इतिहासाचा अभ्यास करताना सामान्यतः नाणेपद्धती, विनिमय दर आणि मध्यवर्ती बँकेची धोरणे यांवर भर दिला जातो. ज्याच्या खिशातून हे चलन सीमेपलीकडे जाते, तो प्रवासी मात्र या विवेचनात क्वचितच दिसतो.

भारताच्या बाबतीत या प्रश्नाला एक वेगळे परिमाण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपया हा केवळ भारताचा नव्हता. अरबी समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील अनेक प्रदेशांत तोच दैनंदिन व्यवहाराचे चलन होता. मुंबईहून गलबताने किंवा आगबोटीने आखातात गेलेल्या माणसाला कित्येक बंदरांत पैसे बदलण्याची गरजच पडत नसे. ही स्थिती कशी निर्माण झाली, १९५९ साली भारत सरकारने तीत हस्तक्षेप का केला, आणि त्याचा परिणाम यात्रेकरू, विद्यार्थी व आखातातील रहिवासी यांच्यावर कसा झाला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. परदेशात गेलेली नोट ही अखेरीस मायदेशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीवरील मागणी असते. त्यामुळे ती कोणाच्या हाती आहे हा प्रश्न शासनाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो, आणि गैरव्यवहार करणाऱ्यांसाठी आखलेल्या नियमांचा भार प्रामाणिक प्रवाशालाही वाहावा लागतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

रुपयाचा पश्चिमेकडील विस्तार

ब्रिटिश काळात इराणच्या आखातातील राजकीय संबंध प्रथम मुंबई सरकारमार्फत आणि पुढे हिंदुस्थान सरकारमार्फत हाताळले जात. त्यामुळे तेथील व्यापाराचा व प्रशासनाचा ओढा लंडनपेक्षा मुंबईकडे अधिक होता. आखातातील मोती मुंबईच्या बाजारात येत आणि मुंबईहून तांदूळ, कापड, मसाले व इमारती लाकूड तिकडे जाई. या देवघेवीत रुपया हे दोन्ही बाजूंना मान्य असलेले साधन होते. कुवेत, बहारीन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिराती या नावाने ओळखली जाणारी शेखराज्ये या सर्व प्रदेशांत तो रूढ झाला. मस्कत व ओमानमध्येही त्याचा वापर मोठा होता.

आखाताबाहेरही रुपयाचा संचार होता. पूर्व आफ्रिकेतील ब्रिटिश प्रदेशांत रुपयावर आधारित नाणेपद्धती १९२० पर्यंत टिकून होती. पहिल्या महायुद्धानंतर इराकमध्ये भारतीय रुपया वापरात होता. १९३२ मध्ये इराकी दिनार आल्यावर तो मागे घेण्यात आला. एडनमध्ये १९५१ मध्ये पूर्व आफ्रिकी शिलिंगने त्याची जागा घेतली. म्हणजेच १९५० नंतर रुपयाचे हे समुद्रापलीकडचे क्षेत्र आक्रसत येऊन प्रामुख्याने आखातापुरते उरले होते.

हेजाझची, म्हणजे मक्का व मदिना ज्या प्रांतात आहेत त्या प्रदेशाची, स्थिती काहीशी निराळी होती. तेथे रुपया हे राज्याचे चलन नव्हते. परंतु दरवर्षी हिंदुस्थानातून येणाऱ्या हाज्यांमुळे जेद्दा व मक्का येथील सराफ रुपया ओळखत आणि स्वीकारत. तांबड्या समुद्राच्या परिसरात मारिया थेरेसा या ऑस्ट्रियन राणीच्या नावाचे चांदीचे थेलर, सोन्याचे ब्रिटिश सॉव्हरिन आणि पुढे सौदी रियाल ही नाणी चालत. यात्रेकरूला सराफाच्या पेढीवर उभे राहून यांपैकी एखाद्या नाण्यात आपले रुपये बदलून घ्यावे लागत.

युरोपकडे जाणाऱ्या श्रीमंत प्रवाशाची सोय वेगळी होती. थॉमस कुक या प्रवासी कंपनीने १८७४ मध्ये हॉटेलांत व बँकांत वटणाऱ्या परिपत्रकी नोटा प्रचारात आणल्या. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश सुरू केला. धारकाने खरेदीच्या वेळी एक सही करावयाची व वटवताना दुसरी, या साध्या युक्तीमुळे रोकड चोरीला जाण्याची भीती कमी झाली. कुक कंपनीने १८८० च्या दशकात मुंबईत कार्यालय थाटले होते आणि १८८६ पासून काही वर्षे हज यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्थाही हिंदुस्थान सरकारने तिच्याकडे सोपवली होती. तथापि खेड्यापाड्यांतून आयुष्याची पुंजी कनवटीला बांधून मुंबईच्या धक्क्यावर आलेल्या सामान्य हाज्याचा व्यवहार रोकडीवरच चाले.

विनिमय नियंत्रणाचा आरंभ

दुसरे महायुद्ध सुरू होताच ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारत संरक्षण नियमांखाली हिंदुस्थानात विनिमय नियंत्रण लागू झाले व त्याच्या अंमलबजावणीचे काम रिझर्व्ह बँकेकडे आले. हे नियंत्रण युद्धकाळापुरते होते. परंतु युद्ध संपल्यावर ते उठवण्याऐवजी १९४७ मध्ये परकीय चलन नियमन कायदा करून त्याला स्वतंत्र वैधानिक आधार देण्यात आला. हा कायदा २५ मार्च १९४७ रोजी अमलात आला. आरंभी त्याचीही मुदत मर्यादित होती; १९५७ मध्ये तो कायम करण्यात आला. मूळचे महाड परिसरातील चिंतामणराव देशमुख हे १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. युद्धकालीन तात्पुरत्या व्यवस्थेचे शांतताकालीन यंत्रणेत रूपांतर झाले ते याच कालखंडात.

या नियंत्रणाच्या रचनेत एक भेद होता. स्टर्लिंग क्षेत्रातील देशांशी होणारे व्यवहार तुलनेने सुलभ होते आणि डॉलरसारख्या दुर्मीळ चलनांवर निर्बंध कडक होते. रुपयाचा पौंडाशी असलेला दर १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे एका पौंडास १३.३३ रुपये, असा स्थिर होता. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाल्यामुळे डॉलरचा दर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला, तरी पौंडाशी असलेले प्रमाण बदलले नाही. आखातातील शेखराज्ये स्टर्लिंग क्षेत्रात मोडत. तेथील बँकांकडे साचलेले भारतीय रुपये भारतात परत पाठवून त्याच स्थिर दराने पौंड मागण्याचा मार्ग मोकळा होता. पुढील संकटाचे मूळ याच व्यवस्थेत होते.

सोने, तस्करी आणि गंगाजळी

युद्धसमाप्तीच्या वेळी भारताजवळ सुमारे १,७०० कोटी रुपयांची स्टर्लिंग शिल्लक होती. फाळणीनंतरची देणी, अन्नधान्याची आयात आणि विशेषतः दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी लागणारी यंत्रसामग्री यांमुळे ती झपाट्याने घटली. चलनाला आधार म्हणून ठेवावयाच्या किमान राखीव निधीच्या अटी दोनदा बदलाव्या लागल्या, यावरून परिस्थितीचे गांभीर्य ध्यानात येते. १९५६ च्या सुधारणेने ४०० कोटी रुपयांचे परकीय रोखे व ११५ कोटींचे सोने ठेवणे आवश्यक केले होते. वर्षभरातच, १९५७ मध्ये, ही मर्यादा एकूण २०० कोटींवर आणावी लागली. त्यांतील ११५ कोटी सोन्याच्या रूपात होते.

अशा वेळी गंगाजळीला एक गळती लागलेली होती. सोन्याच्या आयातीवर भारतात निर्बंध होते, मागणी मात्र ओसरली नव्हती. आंतरराष्ट्रीय अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने तोळ्याला सुमारे ६२.५० रुपये होता. मुंबईच्या बाजारात याच सोन्याला तोळ्यामागे शंभराहून अधिक रुपये मिळत. या तफावतीतून तस्करीचा एक ठरावीक क्रम तयार झाला. भारतीय नोटा गुप्तपणे आखातात नेल्या जात. तेथे रुपया हेच चलन असल्याने त्या विनासायास चालत व त्यांतून सोने खरेदी होई. सोने गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरे. आखातातील व्यापाऱ्याने त्या नोटा आपल्या बँकेत भरल्या की बँक त्या भारतात पाठवून पौंड मागे. अशा रीतीने चोरट्या सोन्याची किंमत अखेरीस रिझर्व्ह बँकेच्या स्टर्लिंग साठ्यातूनच चुकती होत असे.

या व्यवहारातील विशेष बाब अशी की, त्यातील शेवटचा टप्पा पूर्णतः कायदेशीर होता. बँकेने सादर केलेली नोट खरी होती आणि ती सादर करणाऱ्या बँकेने कोणताही नियम मोडलेला नव्हता. ती नोट भारताबाहेर कोणी नेली, हाज्याने, खलाशाने, मोत्यांच्या व्यापाऱ्याने की तस्कराने, हे नोटेकडे पाहून सांगता येत नव्हते. नोटेवर धारकाचे नाव नसते, हा चलनाचा मोठा गुण आहे. येथे मात्र त्यामुळेच प्रामाणिक प्रवासी व तस्कर यांच्यातील सीमारेषा पुसली गेली. आखातात रुपया नाकारावा तर शतकभराचा व्यापारी विश्वास मोडतो, आणि स्वीकारावा तर गळती चालू राहते, असा पेच शासनापुढे होता.

१९५९ ची सुधारणा

मोरारजी देसाई केंद्रीय अर्थमंत्री असताना या पेचावर उपाय योजण्यात आला. १९५९ च्या रिझर्व्ह बँक सुधारणा कायद्याने मूळ अधिनियमात '२८-अ' हे नवे कलम घातले. भारताबाहेरील नोटांच्या चलनवलनावर नियंत्रण ठेवण्यासाठी पाच, दहा व शंभर रुपयांच्या विशेष नोटा काढण्याचा अधिकार या कलमाने रिझर्व्ह बँकेला दिला. एक रुपयाची नोट केंद्र सरकारची असल्याने तिच्याबाबतचा असाच अधिकार सरकारकडे राहिला. कलमातील सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, या विशेष नोटा भारतात विधिग्राह्य चलन असणार नाहीत. भारताच्या मध्यवर्ती बँकेने काढलेली, पण भारताच्या बाजारात न चालणारी नोट अशा रीतीने अस्तित्वात आली.

मे १९५९ पासून आखातात या नोटा प्रचारात आल्या. तेथील लोकांना आपल्याजवळच्या साध्या भारतीय नोटा ठरावीक मुदतीत बदलून घेण्याची संधी देण्यात आली. मुदत संपल्यानंतर साधी भारतीय नोट पौंडात बदलून मिळण्याचा मार्ग बंद झाला. नव्या नोटांचे रेखाटन नेहमीच्या नोटांसारखेच होते, परंतु रंग वेगळे होते आणि अनुक्रमांकापूर्वी 'झेड' हे अक्षर छापलेले असे. त्या काळी भारताच्या चलनी नोटांची छपाई नाशिक रोड येथील शासकीय मुद्रणालयात होत असे. नाशिकात छापलेली, पण नाशिकच्या पेठेत न चालणारी ही नोट पुढे 'आखाती रुपया' या नावाने ओळखली जाऊ लागली.

यात्रेकरूंचा प्रश्न मात्र याने सुटत नव्हता. सौदी अरबस्तान हा आखाती रुपयाचा प्रदेश नव्हता. हाज्यांनी साध्या नोटा नेल्या तर त्या जेद्दाच्या सराफांकडून पुन्हा आखातातील सोन्याच्या बाजारात पोहोचण्याचा धोका होता. आणि नेऊ दिल्या नाहीत तर यात्रा अशक्य झाली असती. त्यामुळे त्यांच्यासाठी दहा व शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा काढण्यात आल्या. त्यांच्या अनुक्रमांकापूर्वी 'एच ए' ही अक्षरे असत. याच हज नोटा होत. यात्रेकरूने निघण्यापूर्वी आपले साधे रुपये देऊन त्या घ्यावयाच्या, अरबस्तानात सराफाला देऊन रियाल मिळवावयाचे आणि सराफांच्या हाती जमलेल्या नोटांची भरपाई भारताने परकीय चलनात करावयाची, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. किती नोटा दिल्या हे आधीच ठाऊक असल्याने किती पौंड द्यावे लागतील याचाही अंदाज बांधता येत होता.

हज नोटेकडे केवळ नाणेसंग्राहकाच्या दृष्टीने पाहिल्यास तिचे ऐतिहासिक मोल हाती लागत नाही. धारकाचा प्रवासाचा हेतू ज्या नोटेच्या क्रमांकातच नोंदलेला आहे, असे हे चलन होते. सामान्य चलनात नसलेली ओळख शासनाने नोटेला दिली आणि त्यामुळे यात्रेकरूवर बंदी न घालता त्याला तस्करापासून वेगळे करणे शक्य झाले. दुसरीकडे, याच ओळखीने त्याचे स्वातंत्र्यही मर्यादित केले. परतीच्या प्रवासात उरलेली हज नोट मुंबईत उतरल्यावर धक्क्याबाहेरच्या दुकानात चालणार नव्हती. ती बँकेतच परत करावी लागणार होती.

हज समितीविषयीचा नवा कायदाही १९५९ मध्येच झाला, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. १९३२ चा बंदर हज समित्यांचा कायदा रद्द करून मुंबई येथे मुख्यालय असलेली एक समिती त्यान्वये स्थापन झाली. यात्रेकरूंची वाहतूक त्या वेळी मुख्यतः मुंबईहून, मोगल लाइन कंपनीच्या आगबोटींतून होई. प्रवासाचे व्यवस्थापन आणि प्रवासखर्चाचे चलन या दोन्ही बाबी एकाच वर्षी नव्या वैधानिक चौकटीत आल्या.

सौदी बाजूचा अनुभव

हाज्याच्या पैशाची अडचण केवळ भारताला भेडसावत नव्हती. सौदी अरबस्तानची मध्यवर्ती संस्था असलेले सौदी अरेबियन मॉनेटरी एजन्सी हे मंडळ १९५२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या सनदेने कागदी चलन काढण्यास मनाई केली होती, कारण समाजाचा विश्वास चांदी-सोन्याच्या नाण्यांवर होता. परिणामी यात्रेकरूला चांदीच्या रियालांची जड थैली वागवावी लागे. यावर तोडगा म्हणून १९५३ च्या हज हंगामात 'हज यात्रेकरूंच्या पावत्या' या नावाने दहा रियालांचे छापील कागद काढण्यात आले. निरनिराळ्या देशांच्या यात्रेकरूंना समजावे म्हणून त्यांवर अरबीखेरीज उर्दू, फारसी, तुर्की, इंग्रजी अशा भाषांतही मजकूर होता. हा कागद म्हणजे जमा केलेल्या चांदीची पावती, असे त्याचे कायदेशीर स्वरूप होते.

हंगाम संपल्यावर या पावत्या परत येतील अशी अपेक्षा होती. परंतु स्थानिक व्यापाऱ्यांनाही त्या सोयीच्या वाटल्या आणि त्या वर्षभर बाजारात फिरू लागल्या. पुढे पाच व एक रियालाच्या पावत्याही निघाल्या. १९६१ मध्ये सौदी अरबस्तानने अधिकृत कागदी रियाल काढला तेव्हा समाज कागदी पैशाला सरावलेला होता. यात्रेकरूच्या सोयीसाठी काढलेल्या पावतीने एका देशाच्या नाणेपद्धतीत पालट घडवला, असे या घटनाक्रमावरून म्हणता येते. भारताने हाज्याचा कागद सामान्य चलनापासून अलग केला, तर सौदी अरबस्तानात हाज्याचा कागदच सामान्य चलन झाला. मुंबईहून निघालेल्या यात्रेकरूने या काळात एका विशेष कागदाच्या बदल्यात दुसरा विशेष कागद घेतला, आणि यांपैकी कोणताही त्याच्या गावच्या बाजारात चालणारा नव्हता.

विद्यार्थी आणि तीन पौंड

याच काळात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीयाचा अनुभव यापेक्षा कठोर होता. १९६० च्या दशकात इंग्लंडला गेलेल्यांच्या आठवणींत 'तीन पौंड' आणि त्यानंतर अमेरिकेला गेलेल्यांच्या आठवणींत 'आठ डॉलर' हे शब्द पुन्हापुन्हा येतात. प्रवासाला निघताना हाती मिळणारी रोकड एवढीच असे. या दोन आकड्यांत सुसंगती आहे. त्या वेळच्या २.८० डॉलर प्रतिपौंड या दराने तीन पौंडांचे ८.४० डॉलर होत. शिक्षणशुल्क व निर्वाहखर्च यांसाठी रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीने स्वतंत्र रक्कम पाठवता येत असे. परंतु विमानतळावर किंवा बंदरावर उतरल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचा खर्च या तुटपुंज्या रकमेत भागवावा लागे. परदेशातील आप्त, मित्र किंवा परिचितांचा परिचित यांच्या घरी उतरणे ही केवळ आपुलकीची बाब नव्हती. विनिमय नियंत्रणाच्या काळातील ती आर्थिक गरज होती.

यात्रेकरू आणि विद्यार्थी यांची तुलना केल्यास शासनाची दृष्टी स्पष्ट होते. यात्रेकरूची संख्या, मार्ग, कालावधी व परतीची तारीख ठरलेली होती. म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र चलन छापणे शक्य झाले. विद्यार्थी किंवा पर्यटक अनेक देशांत विखुरलेला होता आणि तेथे रुपया कोणीच ओळखत नव्हते. म्हणून त्याच्या बाबतीत केवळ रकमेची मर्यादा घालण्याचा मार्ग उरला.

आखाती रुपयाचा शेवट

आखाती रुपयाने गळतीचा एक मार्ग बंद केला, परंतु तस्करी थांबली नाही. भाववाढीची ओढ कायम असल्याने सोन्याची किंमत चुकवण्याचे इतर मार्ग शोधले गेले. चांदीची चोरटी निर्यात हा त्यांपैकी एक होता. १९६२ चा सीमाशुल्क कायदा आणि जानेवारी १९६३ मधील सुवर्ण नियंत्रण आदेश यांवरून शासनाला हा लढा इतर आघाड्यांवर चालू ठेवावा लागला हे दिसते.

दरम्यान आखातातील राज्यांच्या दृष्टीनेही परिस्थिती बदलत होती. तेलाच्या उत्पन्नामुळे सबळ झालेल्या राज्यांना दुसऱ्या देशाने छापलेल्या चलनावर विसंबून राहण्याचे कारण उरले नव्हते. कुवेतने १ एप्रिल १९६१ रोजी स्वतःचा दिनार सुरू केला. एका दिनारास १३.३३ रुपये, म्हणजे एका पौंडाइतके त्याचे मूल्य होते. बहारीनने १९६५ मध्ये दहा रुपयांना एक या प्रमाणात आपला दिनार काढला.

उरलेल्या राज्यांच्या बाबतीत निर्णायक घटना ठरली ती ६ जून १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन. डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपये आणि पौंडाचा दर १३.३३ वरून २१ रुपये झाला. आखाती रुपया हा भारतीय रुपयाशी समान मूल्याने जोडलेला असल्याने त्याचेही मूल्य त्याच क्षणी घटले. १०० रुपये जवळ असलेल्या माणसाला आदल्या दिवशी ७.५० पौंड मिळू शकत होते, अवमूल्यनानंतर ४.७६ पौंड मिळू लागले. दुबईतील दुकानदार असो, शारजातील कोळी असो वा तेथे राबणारा भारतीय कामगार असो, त्याच्या बचतीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग नाहीसा झाला. ज्या निर्णयात त्यांना मत नव्हते आणि ज्या अर्थव्यवस्थेशी त्यांपैकी अनेकांचा थेट संबंध नव्हता, तिची किंमत त्यांनी मोजली. साहजिकच कतार व दुबई यांनी त्याच वर्षी आपला संयुक्त रियाल सुरू केला आणि अबुधाबीने बहारीनी दिनार स्वीकारला. ओमानमध्ये आखाती रुपया आणखी काही काळ टिकला. १९७० मध्ये तेथेही नवा रियाल आला आणि रुपयाच्या समुद्रापलीकडील संचाराचे हे पर्व संपले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात.

पहिला, आखातात रुपया चालत असे तो राजकीय सत्तेइतकाच व्यापारी विश्वासावर आधारलेला होता. या विश्वासाचा अर्थ, सादर केलेल्या प्रत्येक नोटेची भरपाई होईल, असा होता. गंगाजळी अपुरी पडू लागताच हा विश्वास मर्यादित करणे भारताला भाग पडले.

दुसरा, १९५९ ची उपाययोजना ही सरसकट बंदी नव्हती. प्रवासाच्या हेतूनुसार चलनाचे वर्गीकरण करण्याचा तो प्रयत्न होता. हज नोटेने यात्रा चालू राहिली आणि परकीय चलनाची मागणीही मोजता आली. प्रशासकीय दृष्टीने हे यशच म्हणावे लागेल. मात्र ज्याने काही गैर केले नव्हते अशा यात्रेकरूला आपली ओळख नोटेवर वागवावी लागली, हीही या यशाची एक बाजू आहे.

तिसरा, चलन वेगळे छापले तरी त्याचे मूल्य वेगळे करता येत नाही. आखाती रुपयाचा रंग निराळा होता, परंतु १९६६ चा आघात त्याला चुकला नाही.

विनिमय नियंत्रणाची ही चौकट पुढे दीर्घकाळ टिकली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने ती अधिक कठोर केली. १९९१ च्या संकटानंतर ती सैल होत गेली. ऑगस्ट १९९४ मध्ये भारताने चालू खात्यावरील परिवर्तनीयता स्वीकारली आणि १ जून २००० पासून परकीय चलन व्यवस्थापन कायदा अमलात आला. कायद्याच्या नावातील 'नियमन' जाऊन 'व्यवस्थापन' हा शब्द येणे बदललेल्या दृष्टीचे द्योतक होते. फेब्रुवारी २००४ मध्ये निवासी व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठवण्याची मुभा देणारी योजना सुरू झाली. २०१५ मध्ये ही मर्यादा २,५०,००० डॉलर करण्यात आली. एकेकाळी आठ डॉलर घेऊन निघालेल्या पिढीच्या नातवंडांना हा आकडा अवाजवी वाटत नाही, इतके अंतर या काळात कापले गेले.

तरीही जुन्या वर्गीकरणाची खूण पूर्णतः पुसली गेलेली नाही. बहुतेक देशांना जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला प्रत्येक प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच परकीय नोटा रोखीने नेता येतात व उर्वरित रक्कम कार्ड वा अन्य साधनांनी न्यावी लागते. हज व उमरा यात्रेकरूंना मात्र या मर्यादेतून सवलत दिलेली आहे. '२८-अ' हे कलमही अधिनियमातून वगळलेले नाही. जुलै २०२३ मध्ये भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्या मध्यवर्ती बँकांनी परस्परांच्या चलनांत व्यवहार करण्याबाबत सामंजस्य करार केला, तेव्हा रुपया पुन्हा आखाताकडे वळल्याची चर्चा झाली. या नव्या प्रवासाचे मूल्यमापन करताना १९५९ ते १९७० चा अनुभव मार्गदर्शक ठरावा. परदेशात रुपया स्वीकारला जाणे ही प्रतिष्ठेची बाब खरीच. परंतु तो स्वीकारणाऱ्याच्या बचतीचे मूल्य राखण्याची जबाबदारीही तिच्याबरोबर येते, आणि ती न पेलल्यास परके बाजार रुपयाकडे पाठ फिरवतात, हे आखाती रुपयाच्या इतिहासातून स्पष्ट होते.